उसाच्या मुलखात वाइनची चव

कोल्हापूर जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षांचा मळा शोधत फिरलात, तर शेवटी उसाच्या फडातच पोचाल. गुळाचा रवा फोडून, खडा जिभेवर ठेवून सौदा ठरवणाऱ्या या गावाला चाखून पारखणं नवं नाही. पण वाइन चाखायची तर बाटली बाहेरूनच यावी लागते. एखाद्या हॉटेलच्या हिरवळीवर टेस्टिंग असलं, की टेबलावर नाशिकची पांढरी शेनिन ब्लाँ असते, अकलूजची लाल सांजोवेझे असते आणि गप्पांत हटकून गोव्याची गोड पोर्ट असते. दुकानात बाटली मिळत असताना ती चाखायला वेगळा मेळा का भरवावा लागतो, याचं उत्तर चवीत कमी आणि कायद्यात जास्त आहे.

तसं पाहिलं तर वाइनचं भांडं कोल्हापुरात फार आधी येऊन पोचलं होतं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४च्या सुमारास कांस्याच्या वस्तूंचा एक साठा सापडला. त्यातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची वीतभर मूर्ती पुढे जगभरच्या पुरातत्त्वज्ञांच्या लिखाणात गेली. तिच्या प्रसिद्धीमुळे त्याच साठ्यातल्या रोमन घडणीच्या सुरईकडे फारसं कुणी पाहत नाही. अशी सुरई रोमन घरांत वाइन ओतायला वापरत. त्यानंतर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी टेकडीवर रीतसर उत्खनन केलं आणि सातवाहन काळातली विटांची घरं उजेडात आली. टाउन हॉलमधल्या संग्रहालयाचा पाया याच वस्तूंनी घातला.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासपुस्तिकेत, ‘पेरिप्लस’मध्ये, भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात वाइन पहिल्या काही वस्तूंत येते, आणि इटलीच्या वाइनला इथे जास्त पसंती आहे असंही तो व्यापारी नोंदवतो. याच पुस्तिकेत पैठण आणि तेर या दख्खनच्या बाजारपेठांची नावं येतात. त्या काळी परदेशी वाइन ही राजेरजवाड्यांची आणि धनिकांची चैन होती. भांडं आलं म्हणजे पेयही आलंच असं ठामपणे म्हणू नये; पण घाटावरची बाजारपेठ त्या व्यापाराच्या टप्प्यात होती, याला ही सुरई साक्ष आहे.

दख्खनच्या द्राक्षांची ख्याती मध्ययुगातली आहे. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांचं आणि डाळिंबांचं कौतुक केलं आणि ती वर्षातून दोनदा फळतात असं लिहून ठेवलं. त्याचं निरीक्षण पक्कं होतं. युरोपात हिवाळ्यात वेल झोपतो, आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून आपला बागायतदार वेलाला दोनदा कापतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. आता पीक मात्र एकदाच घेतात. गोडी छाटणीनंतरची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. फ्रान्स-इटलीत तोडणी भाद्रपद-आश्विनात चालते, इथे माघ-फाल्गुनात. आपल्याकडचे वाइनचे उत्सव हिवाळा संपता संपता का येतात, त्याचं कारण इथे आहे.

मग कोल्हापुरात द्राक्ष का नाही? पाऊस. गगनबावड्याकडे तो धो धो कोसळतो आणि जिल्ह्याच्या बऱ्याच भागात जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. गोडी छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर पाऊस झाला की दावण्या हा बुरशीचा रोग आलाच, आणि दावण्याने घड एकदा जिरवले की वर्ष गेलं. शिवाय शाहू महाराजांनी राधानगरीला धरणाचं काम काढलं तेव्हापासून या जिल्ह्याचं गणित पाण्याभोवती बांधलं गेलं. उसाला पाणी आहे, कारखाना आहे आणि उशिरा का होईना, बिल आहे. द्राक्षाचा जुगार खेळायला गेले ते शेजारी: तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांतले शेतकरी.

पण सांगलीची द्राक्षं म्हणजे वाइनची द्राक्षं नव्हेत, आणि ही गोष्ट टेस्टिंगला जाणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक नसते. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश ही खायची द्राक्षं. मणी मोठा, साल पातळ, बी नाही. मणी लांबावा म्हणून घड जीए या वाढ-संप्रेरकाच्या द्रावणात बुडवायचे. वाइनला उलटं लागतं. मणी बारीक, साल जाड, आत बिया, आणि वेलावर घड मुद्दाम कमी ठेवलेले. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, तेव्हा रसाच्या मानाने साल जितकी जास्त तितकं बरं. अशी काबर्ने किंवा शिराझची द्राक्षं मंडईत कुणी घेत नाही, आणि बियांमुळे त्यांचा विकाऊ बेदाणाही होत नाही. सोनाकाचा दर पडला तर तासगावचा शेतकरी माल शेडवर टाकून बेदाणा करतो आणि सौद्याची वाट पाहतो. वाइनचं द्राक्ष लावणाऱ्याला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे वाइनरी. तिने हात वर केले की संपलं. पुढे नेमकं हेच घडलं. पण त्याआधी कायदा.

इंग्रजांच्या १८७८च्या आबकारी कायद्याने मुंबई इलाख्यातली मोहाची आणि ताडामाडाची घरगुती पेयं परवान्याखाली आणली आणि त्यातून तिजोरी भरली. स्वातंत्र्यानंतर वारं उलट फिरलं. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५०मध्ये राज्यभर पूर्ण दारूबंदी आली. मोरारजी देसाईंचा हा हट्टाचा विषय. साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली, पण कायदा उठला नाही. तो आजही आहे, फक्त त्याच्या नावातलं मुंबई जाऊन महाराष्ट्र आलं. म्हणजे कायद्याच्या भाषेत या राज्यात दारू बंदच आहे. आपण पितो ते परवान्याच्या सवलतीने. बारमध्ये कुणी विचारत नाही तो एक दिवसाचा परवाना, वार्षिक परवाना, आजन्म परवाना, सगळं त्या १९४९च्या कायद्याचं लेकरू. वाइन आणि बिअरसाठी वयाची अट २१, बाकी कडक मद्यासाठी २५, हेही त्याच चौकटीतलं.

या चौकटीत वाइनला शेतीमालाचं दार उघडून दिलं नारायणगावने. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी तिथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळणारी वाइन काढली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ नावाने गेली. जुन्नर तालुक्यातल्या मातीतली बाटली लंडनच्या दुकानात लागते, याचं तेव्हा भलतंच अप्रूप होतं. नव्वदच्या दशकात राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून परतले, गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत वेल लावले आणि २०००मध्ये त्यांच्या सुला या वाइनरीच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. त्यांचा भर सोविन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनवर होता. उकाड्यात थंडगार पिता येणारी हलकी वाइन आपल्या हवेला मानवते, हा अंदाज बरोबर ठरला.

मोठा बदल मात्र २००१च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने झाला. राज्य सरकारने इथल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्क माफ केलं, परवाने सोपे केले आणि दोन वाइन पार्क जाहीर केले: एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला, दुसरा सांगली जिल्ह्यात पलूसला. पलूस म्हणजे कोल्हापूरकरांच्या अगदी दारात. कृष्णाकाठचा हा पार्क चालला असता तर कोल्हापूरचं टेस्टिंग हे पाहुण्यांचं टेबल न राहता घरचं झालं असतं. पण विंचूर-दिंडोरी पट्ट्याभोवती वाइनरी, पर्यटक आणि मुंबईचं गिऱ्हाईक असं जे जमून आलं, ते पलूसला जमलं नाही. माझ्या मते दोष जागेचा कमी, सोबतीचा जास्त. एकट्या वाइनरीकडे माणूस वाट वाकडी करून जात नाही. पाच-सात एका रस्त्यावर असल्या तर शनिवार-रविवार काढून जातो. दक्षिण महाराष्ट्रात त्यातल्या त्यात पाय रोवले ते अकलूजच्या फ्रातेल्लीने. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू अशा भागीदारीतली ही वाइनरी, पिएरो मासी हे तिचे वाइन करणारे. सोलापूरच्या कोरड्या माळावर त्यांनी सांजोवेझे हा इटलीचा वाण रुजवला.

चाखण्याच्या कार्यक्रमांचं मूळ इथेच सापडतं. मद्याची जाहिरात करता येत नाही; केबल टीव्हीच्या नियमांनी छोट्या पडद्यावरही ती बंद केली. व्हिस्कीवाले सोड्याच्या आणि सीडीच्या आडून जाहिरात करत राहिले, कारण त्यांच्याकडे पैसा होता आणि गिऱ्हाइकाला व्हिस्की काय असते हे ठाऊक होतं. वाइनवाल्यांची अडचण दुहेरी. एक तर बोलायची सोय नाही, आणि समोरच्याला वाइन म्हणजे आंबट औषध किंवा गोव्याची गोड पोर्ट एवढीच माहिती. पोर्टने केलेलं हे नुकसान कुणी मोजलेलं नाही. गोव्याहून येताना पिशवीत घातलेल्या त्या साखरेच्या चवीमुळे कोरडी रेड पहिल्यांदा तोंडात घेणारा कोल्हापूरकर हमखास तोंड वाकडं करतो. त्यामुळे ग्लासात दोन घोट ओतून समजावून सांगणं हाच जाहिरातीचा मार्ग उरला. सुलाने २००५मध्ये नाशिकला टेस्टिंग रूम उघडली, २००८पासून द्राक्षमळ्यातला संगीत महोत्सव सुरू केला, आणि पाहता पाहता द्राक्षं तुडवण्याचे फोटो लोकांच्या फोनवर आले.

कोल्हापूरला आणखी दोन बाजूंनी वारा लागला. गोवा सरकारचा ‘ग्रेप एस्केपेड’ हा वाइन आणि खाण्याचा उत्सव पणजीत भरू लागला. आणि कर्नाटकाने २००७मध्ये स्वतःचं वाइन धोरण आणून वाइन बोर्ड काढलं. त्या बोर्डाचे मेळे बंगळुरूपुरते न राहता बेळगावपर्यंत आले. निपाणी ओलांडली की तासाभरात बेळगाव. सीमाभागातल्या आपल्या माणसांनी विजापूरकडच्या द्राक्षांची वाइन आधी चाखली ती अशी. मात्र तिथली बाटली गाडीत घालून कागल नाक्याने परत येणं हा उत्पादन शुल्क खात्याच्या लेखी गुन्हा ठरू शकतो, हे मेळ्यात सहसा कुणी सांगत नाही.

मधल्या काळात फुगा फुटलाही. २००८ची जागतिक मंदी आणि मुंबईवरचा हल्ला यांनी हॉटेलं ओस पडली, वाइनचा खप घसरला. विस्तारासाठी कर्ज काढलेली नारायणगावची कंपनी त्या ओझ्याखाली बुडाली. वाइनरींच्या टाक्या भरलेल्या, नवी द्राक्षं घ्यायला कुणी नाही. नाशिककडच्या अनेक शेतकऱ्यांनी वाइनचे वेल उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. शेतकऱ्याच्या नावाने आखलेल्या धोरणात पहिला मार शेतकऱ्यालाच बसला. धोरण आखणाऱ्यांनी एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असलेल्या पिकाचा विचार आधीच करायला हवा होता.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी दिली. कारण तेच, शेतकऱ्याचा फायदा. विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ म्हणून टीका केली, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय बाजूला पडला. त्या विरोधाला नुसतं राजकारण म्हणणं बरोबर नाही. आडव्या बाटलीसाठी मतदान करून दुकानं बंद पाडणाऱ्या बायका पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव आहेत, आणि दारूने घर कसं बसतं हे त्यांना वाइनरीवाल्यांपेक्षा जास्त माहीत आहे. वाइन सौम्य आहे हा युक्तिवाद त्यांना पटत नाही, कारण बाटलीवरचा टक्का नवऱ्याला थांबवत नाही. परिणाम एवढाच झाला, की किराण्याच्या मांडणीवर वाइन आली नाही आणि नवखा माणूस ती समजून घेणार ते आजही परवाना काढून भरवलेल्या टेस्टिंगमध्येच.

अशा टेस्टिंगला कोल्हापुरात एक पेच कायमचा असतो: सोबत खायला काय? उत्तर भारतीय कबाब ठेवून काम भागवतात, ते चुकीचं. तांबड्या रश्श्याबरोबर कडक तुरट रेड दिली की तिखट आणखी चढतं, कारण अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही जाळ वाढवतात. तिथे किंचित गोडसर शेनिन ब्लाँ चांगली थंड करून द्यावी. पांढऱ्या रश्श्यातला नारळ, तीळ आणि खसखस तिला जास्तच साथ देतात. सुक्या मटणाला अकलूजची सांजोवेझे चालते, पण मसाला बेताचा हवा. आणि रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला द्यायची हा सल्ला ज्या खोल्यांसाठी होता, त्या युरोपातल्या थंड दगडी खोल्या. मार्चमधल्या कोल्हापुरात रेडची बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडावी.