नागरी संरक्षण दलात भरती व्हायचंय? अर्ज अडतो तो इथे

आधी एक गैरसमज दूर करू. दलात गेलं की दुर्बीण घेऊन गच्चीवर बसायचं आणि शत्रूची विमानं हेरायची, असं काम नसतं. आकाशावर नजर हवाई दलाची. तिकडून इशारा आला की पुढचं काम स्वयंसेवकांचं: भोंगा (चढउतार म्हणजे धोका, एकसुरी म्हणजे धोका टळला), ब्लॅकआउट (सगळीकडचे दिवे बंद करणं), प्रथमोपचार, ढिगाऱ्यातून माणसं काढणं.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘माय भारत’ पोर्टलवर नाव नोंदवून पुष्कळ जण बोलावण्याची वाट बघत बसले. ती नोंदणी म्हणजे फक्त इच्छा कळवणं. नेमणूक होते नागरी संरक्षण अधिनियम, १९६८ खाली, आणि दलाची सूत्रं असतात नियंत्रकाकडे. हा अधिकारी जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दर्जाच्या खालचा नसतो. त्यामुळे अर्ज त्याच्याच कार्यालयात, विहित नमुन्यात द्यायचा. नेमणूक झाल्यावर सदस्यत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. ते हातात नसेल तर तुम्ही सदस्य नाही, पोर्टलवर काहीही दिसो.

दुसरी अडचण पत्त्याची. दल सगळीकडे नाही. राज्य सरकारने ज्या क्षेत्रासाठी स्थापन केलंय तिथेच आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, उरण, तारापूर ही त्यातली परिचित नावं. तुमचा भाग त्यात येतो का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारा, मग झेरॉक्सवर पैसे घाला.

पात्रता तशी साधी: भारताचा नागरिक, वय १८ पूर्ण, किमान चौथी पास. पण गाडं अडतं ते या चौथीवरच. साठीतल्या, शरीराने धडधाकट माणसाकडे शाळेचा दाखला कुठून असणार? खिडकीवरचा माणूस ‘दाखला आणा’ म्हणून परत पाठवतो. शिक्षणाची अट शिथिल करायचा अधिकार नियमांनीच नियंत्रकाला दिलाय, हे तो सांगत नाही. १८ वर्षांची अटही जास्तीत जास्त ३ वर्षांपर्यंत शिथिल होऊ शकते. वाद घालू नका. अर्जासोबत सवलतीची वेगळी लेखी विनंती जोडा, आपल्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी विनंतीला कुणी उत्तर देत नाही.

ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो हे नेहमीचंच. नेमकी यादी त्या कार्यालयातूनच घ्या.

सही करण्यापूर्वी एवढं लक्षात घ्या: ही पगारी नोकरी नाही. आणि ‘स्वयंसेवक’ म्हणजे मर्जीचा मामला, असंही नाही. कामावर बोलावल्यावर सबळ कारणाशिवाय नकार दिला तर ५०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यातच आहे.