जुना लॅपटॉप, बाहेरची डिस्क आणि फ्लॉपीचं सोंग

वीसेक वर्षांपूर्वीच्या एखाद्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी यंत्र जागं करणाऱ्या प्रोग्राममध्ये, शिरलं की 'बूट'च्या (यंत्र कशावरून सुरू करायचं त्या) पानावर एक चमत्कारिक यादी भेटते: यूएसबी-एफडीडी (फ्लॉपी), यूएसबी-झिप, यूएसबी-एचडीडी (हार्ड डिस्क), यूएसबी-सीडीरॉम. हातात पेन ड्राइव्ह असतो आणि यादीत पेन ड्राइव्हचं नावच नसतं. मग अंदाजपंचे एकेक पर्याय निवडून बघायचा. माझ्याकडच्या एका लॅपटॉपवर एचडीडी निवडलं तर काळ्या पडद्यावर कर्सर नुसता लुकलुकत राहिला. एफडीडी निवडलं तर 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड'. शेवटी झिप निवडलं आणि तोच पेन ड्राइव्ह मुकाट्याने सुरू झाला. तेव्हा वाटलं, लागला मटका. पुढे कळलं की यात नशिबाचा भाग फारसा नव्हता. बाहेरून जोडलेलं कुठलंही उपकरण जुन्या बायोसपुढे स्वतःच्या नावाने उभंच राहू शकत नव्हतं, कशाचं तरी सोंग घेऊनच त्याला आत जावं लागायचं. ती यादी म्हणजे त्या सोंगांची यादी.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा कुठून सुरू व्हायचं हा प्रश्नच नव्हता, कारण त्यात हार्ड डिस्कच नव्हती. रॉममधला (कायमच्या मजकुराच्या चिपमधला) बायोस यंत्राची तपासणी करायचा, फ्लॉपीच्या ड्राइव्हमध्ये डोकावायचा आणि तिथे काही नसेल तर रॉममध्येच ठेवलेली बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा सुरू करून मोकळा व्हायचा. फ्लॉपी असेल तर तिचा पहिला सेक्टर, म्हणजे अवघे ५१२ बाइट, उचलून मेमरीत ठरलेल्या जागी ठेवायचा आणि सूत्रं त्याच्या हाती द्यायचा. ५१२ बाइट म्हणजे किती? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, त्या हिशेबाने मराठीची जेमतेम दोन वाक्यं. एवढ्याशा जागेतल्या कोडने पुढचा मोठा प्रोग्राम शोधायचा, त्याने त्याहून मोठा. बुटाच्या वादीला धरून स्वतःलाच वर उचलण्याच्या अशक्य कल्पनेवरून 'बूट' हा शब्द आला, तो अगदी चपखल आहे.

मार्च १९८३ मध्ये पीसी-एक्सटी आला आणि त्यासोबत १० एमबीची हार्ड डिस्क. एकाच डिस्कवर अनेक भाग मावावेत म्हणून तिच्या पहिल्या सेक्टरची वाटणी झाली: ४४६ बाइट कोडला, ६४ बाइट चार विभाजनांच्या तक्त्याला आणि शेवटचे २ बाइट ओळखीच्या खुणेला. ती खूण ५५ एए. ती दिसली नाही तर डिस्क सुरू होण्याजोगी नाही असं बायोस समजतो. यातूनच बायोसच्या जगात दोन जाती पडल्या. फ्लॉपींचे क्रमांक ० पासून, हार्ड डिस्कचे सोळा-आधारी ८० पासून. वाचायचं-लिहायचं ते इंटरप्ट १३ नावाच्या एकाच खिडकीतून, आणि त्या खिडकीवर विचारणा एवढीच: फ्लॉपी की हार्ड डिस्क? तिसरी जात त्या कारकुनाला ठाऊक नव्हती.

एक बारकावा पुढे फार उपयोगी पडतो. एक्सटीच्या बायोसला हार्ड डिस्क मुळात कळत नव्हतीच. डिस्कच्या कंट्रोलर कार्डावर स्वतःचा छोटा रॉम असायचा, तो सुरुवातीलाच बायोसच्या खिडकीवर आपला माणूस बसवायचा. म्हणजे बाहेरचं काहीतरी बूट करायचं असेल तर त्याचा ड्रायव्हर बूटच्या आधी हजर हवा. जुन्या लॅपटॉपला कार्डबसच्या (बाजूने कार्ड सरकवायच्या) खाचेत यूएसबी २.० चं कार्ड लावून त्यावरून बूट करण्याचा घाट अनेकांनी घातला आणि हात चोळत बसले, ते यामुळेच. ते कार्ड विंडोज किंवा लिनक्स उठल्यावर जागं होतं. बायोसच्या लेखी ती खाच रिकामीच.

अ‍ॅपलच्या जगात हे दुखणं तुलनेने कमी. १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसला स्कझी (डिस्क वगैरे जोडायचा) पोर्ट होता आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवरून तो सरळ सुरू व्हायचा. नंतरच्या इंटेल मॅकवर ऑप्शन की दाबून धरली की जोडलेल्या डिस्का चित्रांसकट समोर येत. पीसीवाल्यांनी हेवा करावा अशीच ती सोय होती.

पीसीवर पहिलं मोठं सोंग आलं जानेवारी १९९५ मध्ये, सीडीसाठी. बायोस बनवणारी फिनिक्स कंपनी आणि आयबीएम यांनी मिळून एक मानक ठरवलं, नाव 'एल टोरिटो'. (हे एका रेस्टॉरंटचं नाव. मसुदा तिथे बसून झाला अशी आख्यायिका सांगतात.) युक्ती अशी की सीडीवर १.४४ एमबीच्या फ्लॉपीची हुबेहूब प्रत ठेवायची आणि बायोसने तीच 'ए' ड्राइव्ह म्हणून पुढे करायची. पुढचा प्रोग्राम बिचारा फ्लॉपीच वाचतोय असं समजून चालतो. सोंगाशिवाय सीडी सुरू करण्याची तरतूदही त्याच मानकात होती आणि पुढे तीच रूढ झाली.

वर्षभराने, जानेवारी १९९६ मध्ये, कॉम्पॅक, फिनिक्स आणि इंटेल यांनी बायोसने बूटची उपकरणं कशी ओळखायची आणि कोणत्या क्रमाने लावायची याचे नियम लिहिले. आज एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबून आपण जो बूट मेनू उघडतो, त्याचा पाया तिथे आहे. योगायोग असा की यूएसबीची पहिली आवृत्तीही त्याच महिन्यातली. पण तेव्हा यूएसबीकडे प्रामुख्याने कीबोर्ड, माउस, प्रिंटर यांची सोय म्हणून बघितलं जाई. बायोस यूएसबी शिकला तोही कीबोर्डसाठीच. यूएसबी कीबोर्ड जुन्या प्रोग्रामांना जुन्याच गोल पिनचा वाटावा म्हणून बायोस पडद्याआड भाषांतर करायचा. सेटिंगमधलं 'लेगसी यूएसबी सपोर्ट' ते हेच. ते बंद असेल तर बऱ्याच जुन्या यंत्रांवर यूएसबी डिस्कही बूटच्या वेळी दिसत नाही. म्हणून बाकी काही करण्याआधी ते चालू आहे ना बघावं.

२००० साली पेन ड्राइव्ह बाजारात आले, ८ एमबीचे, आणि बायोस लिहिणाऱ्यांची पंचाईत झाली. याला म्हणायचं काय? फ्लॉपीसारखा हा काढता-घालता येतो. पण आकाराने हार्ड डिस्ककडे झुकतो. काही ड्राइव्हवर विभाजनांचा तक्ता असतो, काहींवर फ्लॉपीसारखी पहिल्या सेक्टरपासूनच फाइल सिस्टिम सुरू होते. मधली जागा तेव्हा आयोमेगाच्या झिप ड्राइव्हने अडवलेली होती. १०० एमबीची ती डिस्क काढता यायची, तिच्यावर तक्ता असायचा, पण एकुलतं एक विभाजन पहिल्या घरात नसून चौथ्या घरात असायचं. शिवाय तिची मांडणी ६४ हेड आणि ३२ सेक्टर अशी ठरलेली. त्यामुळे काही बायोस पेन ड्राइव्हला झिप मानून चौथ्या घरात शोधायचे, काही हार्ड डिस्क मानायचे, आणि काही पहिला सेक्टर वाचून स्वतःच अंदाज बांधायचे. एका लॅपटॉपवर धडधाकट चालणारा ड्राइव्ह दुसऱ्यावर मुका होतो तो यामुळे. माझा तो झिपचा 'मटका'ही इथेच लागला होता.

सोंग वठलं तरी त्याची किंमत असते. यूएसबी डिस्कला हार्ड डिस्क म्हणून सुरू केलं की बायोस तिलाच ८० क्रमांक देतो आणि आतली खरी डिस्क सरकून ८१ होते. जुन्या इन्स्टॉलरांचा इथे हमखास घोटाळा व्हायचा. लिनक्स आतल्या डिस्कवर बसायचं, पण बूटलोडर, म्हणजे ते सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, लिहिला जायचा पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह काढला की लॅपटॉप ठप्प, लावला की सुरळीत. आणि माणूस म्हणतो, किल्लीशिवाय चालत नाही ही गाडी.

वेगाचं म्हणाल तर यूएसबी १.१ ची कमाल सेकंदाला १२ मेगाबिट, प्रत्यक्षात १ एमबीच्या आसपास. ७०० एमबीची सीडीभर सामग्री वाचायला ११-१२ मिनिटं. यूएसबी २.० एप्रिल २००० मध्ये ४८० मेगाबिटवर गेलं, पण पोर्ट वेगवान असूनही बूटच्या वेळी जुन्या चालीनेच वाचणारे बायोस होते. त्यामुळे पडदा दोन मिनिटं काळा राहिला म्हणून लगेच पॉवरचं बटण दाबू नये. विजेचंही तसंच. या पोर्टमधून नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर मिळतात, आणि अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना याहून जास्त मागते. डिस्क टकटक करून गप्प बसते. दोन पोर्टमध्ये खोचायच्या दोन तोंडांच्या केबली त्यासाठीच निघाल्या.

आकाराची अडचण जास्त फसवी. एटीए या हार्ड डिस्क जोडण्याच्या पद्धतीतल्या २८ बिटांच्या पत्त्यात १३७ जीबीपर्यंतच मोजता येतं, आणि काही बायोसांची धाव यूएसबी डिस्कवरही तिथेच थांबते. डिस्क ५०० जीबीची असली तरी त्यांना पहिले १३७ दिसतात. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या रेषेपलीकडे पडलेला असेल तर बूट अर्ध्यावर थांबतो, आणि गंमत म्हणजे अपडेटपूर्वी सगळं व्यवस्थित चाललेलं असतं. नवा कर्नल डिस्कवर लांब कुठेतरी लिहिला गेलेला असतो. उपाय जुनाच आहे: डिस्कच्या अगदी सुरुवातीला बूटसाठी छोटं वेगळं विभाजन.

इथवरचं सगळं बायोसचं. त्यानंतर एक दुसरा उंबरठा येतो आणि ठेच जास्त तिथेच लागते. ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीत आली की ती बायोसची खिडकी सोडून स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क शोधू लागते. ज्या डिस्कवरून आपण आत्ता आलो तीच तिला क्षणभर दिसेनाशी होते. विंडोज एक्सपी यात हमखास पडायचं. सुरू होता होता यूएसबीची मांडणी नव्याने व्हायची, पायाखालची डिस्क गायब व्हायची आणि निळ्या पडद्यावर ७बी हा त्रुटी क्रमांक यायचा. मायक्रोसॉफ्टने 'विंडोज टू गो' नावाने अधिकृत वाट काढली ती २०१२ मध्ये, विंडोज ८ च्या एंटरप्राइझ आवृत्तीत, आणि २०२० मध्ये विंडोज १० मधून ती काढूनही टाकली.

लिनक्सने हा उंबरठा लवकर ओलांडला. क्लाउस क्नॉपर यांचं क्नॉपिक्स २००० मध्ये आलं. सीडीवरून अख्खी प्रणाली चालवायची, हार्ड डिस्कला हातही लावायचा नाही. त्यासाठी मेमरीत एक छोटी तात्पुरती प्रणाली आधी उतरवायची आणि तिने लागणारे ड्रायव्हर जमवून खरी डिस्क शोधायची, ही पद्धत कामी आली. तीच पुढे यूएसबीला लागू पडली. राहिली घाईची खोड: फिरती डिस्क जागी व्हायला काही सेकंद घेते आणि कर्नल आधीच 'सापडली नाही' म्हणून हात वर करतो. बूटच्या ओळीत थांबण्याची सूचना घातली आणि डिस्कचा उल्लेख एसडीए-एसडीबी अशा बदलत्या नावाऐवजी यूयूआयडीने, म्हणजे न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने, केला की हे मिटतं.

ज्या लॅपटॉपच्या बायोसला यूएसबीवरून बूट करताच येत नाही, त्यांच्यासाठी एक्सटीच्या कंट्रोलरचीच युक्ती वेगळ्या वेषात परत आली. प्लॉप बूट मॅनेजर नावाचा छोटासा प्रोग्राम फ्लॉपी किंवा सीडीवरून सुरू होतो, सोबत स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर आणतो आणि मग पेन ड्राइव्हला हाक मारतो. तोही जमला नाही तर कर्नल सीडीवर ठेवून बाकी पसारा यूएसबी डिस्कवर ठेवायचा.

सोंगाची गरज संपवली यूईएफआयने, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरने (यंत्रातच बसवलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रामने). इंटेलने इटॅनियम या आपल्या प्रोसेसरसाठी सुरू केलेलं हे काम २००५ मध्ये यूईएफआय फोरमकडे गेलं. हा फर्मवेअर पहिल्या सेक्टरवर विसंबत नाही, फॅट फाइल सिस्टिम वाचतो आणि ठरलेल्या फोल्डरमधली ठरलेल्या नावाची फाइल उचलतो. फ्लॉपी की हार्ड डिस्क हा सवालच उरत नाही. तरी संक्रमणकाळातल्या यंत्रांनी वेगळा ताप दिला. २००६ चे पहिले इंटेल मॅक आणि नंतरचे काही अ‍ॅटम प्रोसेसरवाले टॅबलेट ३२ बिटांचं फर्मवेअर घेऊन आले, काहींत तर प्रोसेसर ६४ बिटांचा असूनही. ६४ बिटांची बूट फाइल त्यांना दिसूनही चालत नाही. २०१२ पासून विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट आलं, आणि सही नसलेली फाइल दारातूनच परत जाऊ लागली.

बहुतेक मोठ्या लिनक्स वितरणांची आजची आयएसओ फाइल (अख्ख्या सीडीची प्रत एका फाइलमध्ये) ही सगळी रूपं एकाच वेळी अंगावर घेऊन फिरते. सीडीच्या मांडणीत पहिले ३२ केबी मोकळे सोडलेले असतात, आणि त्या मोकळ्या जागेत हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर बसवून टाकतात. आत एल टोरिटोची नोंदही असते, यूईएफआयसाठी ठरलेली फाइलही. अशी एखादी फाइल हेक्स एडिटरमध्ये (बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडून ५१० आणि ५११ क्रमांकाचे बाइट बघा. तिथे ५५ एए बसलेले दिसतील.