यांत्रिक ड्रम ब्रेकांचे वंगण

जुन्या मोटारींत पेडलवरचा जोर तेलाच्या दाबाने नव्हे, तर दांडे, केबल आणि कॅम (फिरून शूंना ढकलणारा तुकडा) यांच्याद्वारे ब्रेकच्या शूंपर्यंत पोचतो. शू म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे. या साखळीतील प्रत्येक सांधा सहज हलता राखायचा आणि शू व ड्रम यांच्यातील घर्षणाला मात्र धक्का लावायचा नाही, या दुहेरी अटीमुळे हे वंगण इतर वंगणक्रियेहून वेगळे ठरते.

ड्रम ब्रेकाचे श्रेय सामान्यतः फ्रेंच मोटारनिर्माते लुई रनो यांना दिले जाते व त्यासाठी १९०२ हे साल सांगतात. जर्मन अभियंते विल्हेल्म मायबाख यांनी त्याआधी एकदोन वर्षे मर्सिडीज मोटारीत अधिक साधा ड्रम ब्रेक वापरला असल्याने ड्रमची कल्पना रनोपूर्व मानावी लागते. तथापि तेलकट कॅम आणि कोरडे लायनर (शूवरचे घर्षणाचे अस्तर) एकाच बंदिस्त पोकळीत आणणारी, म्हणजे वंगणाचा प्रश्न निर्माण करणारी रचना रनो यांच्या नावाशी जोडणे अधिक युक्त दिसते. पुढील चाकांच्या ब्रेकांबाबतही असाच मतभेद असून १९१० च्या सुमारास स्कॉटलंडमधील अर्गाइल व इटलीतील इसोत्ता फ्रास्किनी यांपैकी पहिले कोण, हे सांगणाऱ्यावर अवलंबून असते. वळणाऱ्या चाकापर्यंत जोर नेण्यासाठी जादा सांधे आले आणि वंगणाच्या जागा वाढल्या. पुढे ऑस्टिन सेव्हनमध्ये (१९२२) केबल, तर फोर्ड मॉडेल ए मध्ये (१९२७ अखेर) दांडे वापरले गेले. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ च्या मोटारींपासून स्वीकारले.

दांड्यांच्या पिनांना तेलाचे थेंब पुरतात. आडव्या शाफ्टच्या बेअरिंगांना व केबलच्या आवरणाला ग्रीस लागते. ड्रमच्या आत कॅमचा माथा, शूंचा टेकू आणि पाठीच्या पत्र्यावर शू घासतात त्या जागा एवढ्यांनाच उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ लेप द्यावा. निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) दिसला की ग्रीस गन दाबत राहण्याची सवय येथे नडते, कारण जादा ग्रीस कॅमच्या शाफ्टवरून आत सरकून लायनरवर येते. मग ब्रेक एका बाजूला ओढतो आणि भिजलेले लायनर बहुधा बदलावेच लागते. जुन्या लायनरांत फुप्फुसांना घातक असे अ‍ॅस्बेस्टॉस असते. म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

कोकण किनाऱ्यावर या कामाचा हेतू झीज टाळण्यापेक्षा गंज रोखणे हाच अधिक असतो. खाडीलगतच्या खाऱ्या हवेत केबल आवरणाच्या आत गंजून फुगते आणि पेडल सोडले तरी शू मागे येत नाहीत. कॅल्शियम साबणाचे ग्रीस पाण्यात टिकते, पण उष्णतेने पातळ होते. त्यामुळे बाहेरच्या सांध्यांना ते उत्तम असले, तरी आंबोली किंवा कशेडीसारखा घाट उतरताना तापणाऱ्या ड्रमच्या आत त्याचा उपयोग नाही. उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ तेलकट पिनांवर बसून त्यांना पॉलिश कागदासारखी घासते, म्हणून जुने वंगण पुसल्याशिवाय नवे देऊ नये. आगोटीपूर्वी एकदा आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा, असे दोनदा हे काम करणे इष्ट होय. चार महिने पडवीत उभ्या राहणाऱ्या मोटारीचा हँडब्रेक मात्र सोडून ठेवावा व चाकाला लाकडी ठोकळा लावावा, अन्यथा शू ड्रमला गंजाने चिकटतात आणि तिथवर कोणतेच वंगण पोचवता येत नाही.