पोर्टिंग (प्रोग्रॅमिंग भाषांचे)

एका ऑपरेटिंग सिस्टिमवर किंवा प्रोसेसरवर घडलेली प्रोग्रॅमिंग भाषा दुसरीकडे चालू करणे आणि पुढे चालती ठेवणे, या कामाला पोर्टिंग म्हणतात. प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत भाषांतर करणारा कंपायलर (किंवा प्रोग्रॅम थेट चालवणारा इंटरप्रिटर), भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडची प्रमाण लायब्ररी आणि इन्स्टॉलरसह सगळा सेटअप असे तिन्ही भाग त्यात येतात. संदर्भग्रंथांचा भर पहिल्यावर असतो. प्रत्यक्षात वेळ खातात ते उरलेले दोन.

उगम : पोर्टिंगचा इतिहास बूटस्ट्रॅपिंगपासून, म्हणजे भाषेचा कंपायलर त्याच भाषेत लिहिण्यापासून, सांगण्याचा प्रघात आहे. असा कंपायलर नव्या यंत्रावर न्यायचा तर मुख्यतः यंत्रभाषा तयार करणारा त्याचा शेवटचा टप्पा बदलावा लागतो. पहिलेपणाचा मान कोणाचा, यावर मात्र एकमत नाही. कोराडो बोम यांच्या झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील प्रबंधात (१९५१, प्रकाशनाचे साल सहसा १९५४ दिले जाते) स्वतःच्याच भाषेत मांडलेला कंपायलर आढळतो, पण त्याकडे प्रामुख्याने सैद्धांतिक मांडणी म्हणून पाहिले जाते. अमेरिकी नौदलाच्या सॅन दिएगो येथील इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत १९५८च्या सुमारास अल्गॉलच्या धर्तीवर नेलिॲक ही भाषा तयार झाली आणि ती स्वतःचेच भाषांतर करू लागली. तिसरा दावा लिस्पचा : एमआयटीत टिम हार्ट व माइक लेव्हिन यांनी १९६२मध्ये लिस्पचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला आणि आधीच्या इंटरप्रिटरवर चालवून तो त्याच्याकडूनच कंपाइल करून घेतला. लिस्पचे अभ्यासक यालाच स्वतःच्या भाषेत लिहिलेला पहिला पूर्ण कंपायलर मानतात. पण कंपायलर दुसऱ्या यंत्रावर नेणे हा निकष धरला, आणि पोर्टिंगच्या संदर्भात तोच धरायला हवा, तर सीडीसी १६०४सह इतर यंत्रांवर गेलेल्या नेलिॲकची बाजू अधिक भक्कम ठरते.

१९५८मध्येच अनकॉल नावाची एक मध्यस्थ भाषा सुचवली गेली. १० भाषा आणि ८ यंत्रे असतील तर एरवी ८० कंपायलर लागतात. मध्ये एक सामाईक भाषा ठेवली तर १८ भागांत काम भागते. अनकॉल प्रत्यक्षात आली नाही, पण कल्पना टिकली. बीसीपीएलचा ओ-कोड, पास्कलचा पी-कोड, जावाचा बाइटकोड आणि अलीकडचे एलएलव्हीएम ही त्याच वळणाची रूपे होत.

युनिक्स आणि सी : युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम १९७३मध्ये सी भाषेत पुन्हा लिहिली गेली, तरी ती पीडीपी या संगणकमालिकेबाहेर नेण्याचे काम १९७७च्या आसपास झाले, आणि तेही दोन ठिकाणी परस्परांपासून स्वतंत्रपणे. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची व स्टीव्ह जॉन्सन यांनी इंटरडेटा ८/३२ हे यंत्र निवडले. ऑस्ट्रेलियातील वुलनगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी इंटरडेटा ७/३२. आधी कोणाचे पूर्ण झाले याबाबत वुलनगाँगच्या बाजूने कौल देण्याकडे कल दिसतो. भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच : पूर्णांक आणि पॉइंटर (मेमरीतील पत्ता) एकाच आकाराचे असतात असे गृहीत धरून लिहिलेला कोड या स्थलांतरात उघडा पडला आणि सीची प्रकारव्यवस्था (कोणते मूल्य कोणत्या प्रकारचे, याचे नियम) काटेकोर होत गेली. तो प्रश्न अजून मिटलेला नाही. ६४-बिट लिनक्स व मॅकवर सीमधील ‘लाँग’ हा पूर्णांक ६४ बिटांचा असतो, ६४-बिट विंडोजवर ३२ बिटांचाच. जावाने (१९९५) सर्व मूळ अंकीय प्रकारांचे आकार भाषेतच ठरवून हा वाद संपवला.

परिसरातील भेद : ओळ संपल्याची खूण युनिक्स कुळात एका बाइटची, तर डॉस-विंडोजमध्ये दोन बाइटची असते. विंडोजवर सेव्ह केलेली स्क्रिप्ट लिनक्सवर चालवली की पहिल्या ओळीतील इंटरप्रिटरच्या नावाला तो जादा, न दिसणारा बाइट चिकटतो. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या नावाची फाइल शोधतो आणि ‘अशी फाइल नाही’ असे सांगतो. इंटरप्रिटर मात्र जागच्या जागी असतो. फोल्डरच्या पत्त्यातील उलटी तिरपी रेघ एमएस-डॉस २.० (१९८३) पासूनची, कारण सरळ तिरपी रेघ कमांडच्या स्विचसाठी (पर्यायांसाठी) आधीच वापरात होती.

अक्षरसंचाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. युनिकोडमध्ये ‘ऱ’ एकसंध लिहिता येतो किंवा ‘र’ अधिक नुक्ता असा सुटा. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत पहिला ३ बाइटचा, दुसरा ६ बाइटचा. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावे सुट्या रूपात साठवत असे. लिनक्सवर सहसा दिलेले बाइट जसेच्या तसे राहतात. त्यामुळे ‘दऱ्या’ नावाची फाइल एका यंत्रावर सापडते आणि दुसऱ्यावर, स्क्रीनवर हुबेहूब तेच नाव दिसत असूनही, सापडत नाही. प्रमाण लायब्ररीने अशा वेळी नाव बदलून द्यावे की बाइट तसेच पुढे सरकवावेत, याची उत्तरे भाषागणिक वेगळी आहेत. दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल, सोयीचा नव्हे.

सुधारणेची किंमत : फाइल वाचताना कोणते एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत मांडण्याची पद्धत) धरायचे हे जावा बराच काळ ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडत असे. जावा १८ने (२०२२) सर्वत्र यूटीएफ-८ हेच मूलभूत केले. बदल योग्य होता, तरी जुन्या वर्तनावर विसंबलेल्या प्रोग्रॅमसाठी पूर्वीची रीत चालू ठेवणारी सेटिंगही द्यावी लागली. प्रत्येक सिस्टिमला सारखे लक्ष देणे परवडत नाही, म्हणून पायथन व रस्ट या भाषा आधाराच्या पायऱ्या जाहीर करतात. रस्टच्या पहिल्या पायरीवरील सिस्टिमवर भाषा चालेलच अशी हमी असते. तिसरीवर कोड असतो, पण प्रकल्पाकडून स्वयंचलित बिल्ड वा चाचणी होत नाही.

इन्स्टॉलर व वितरण : लिनक्सवर तयार केलेला प्रोग्रॅम त्या यंत्रावरील जीलिबसी या सी-लायब्ररीच्या आवृत्तीला बांधला जातो, नव्यावर बांधलेला जुन्यावर सुरू होईलच असे नाही. पायथनच्या ‘मेनीलिनक्स’ पॅकेजांसाठी म्हणूनच मुद्दाम जुन्या लिनक्सवर बिल्ड करण्याची पद्धत पडली. गो भाषेचा कंपायलर १.५ आवृत्तीपासून (२०१५) गोमध्येच आहे, आणि दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कंपायलरला बाहेरून दिलेल्या सेटिंग) बदलून एका यंत्रावरून दुसऱ्या सिस्टिमसाठी प्रोग्रॅम बांधता येतो. सीमधील लायब्ररी जोडली की मात्र त्या सिस्टिमसाठीचा सी कंपायलर वेगळा बसवावा लागतो.