बाटलीत बुडबुडा राहता कामा नये

विहिरीच्या पाण्याचा अहवाल आला, त्यावर ‘पिण्यायोग्य’ असा शेरा आला, की वाड्यावरची कुजबुज थांबते. तपासलं काय, हे सहसा कुणी वाचत नाही. औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या विहिरींच्या बाबतीत तरी ते वाचायला हवं.

गोव्यात पाण्याच्या प्रदूषणावरून लोक उठले ते बहुतेक वेळा डोळ्यांना काही दिसलं म्हणून. सत्तरच्या दशकात सांकवाळच्या खत कारखान्याच्या सांडपाण्यातलं आर्सेनिक गाजलं, कारण वेळसांवच्या किनाऱ्यावर मेलेले मासे पडले. सॉल्व्हंट, म्हणजे कारखान्यांत रंग, ग्रीस विरघळवायला वापरतात ती उडणारी द्रवं, असं काही दाखवत नाहीत. पिळर्णच्या वसाहतीतला रंगाचा कारखाना जानेवारी 2023 मध्ये पेटला तेव्हा धूर लांबून दिसत होता. पण आगीवर मारलेलं पाणी, आणि त्याबरोबर वाहून गेलेलं जे काही असेल ते, कुठे मुरलं हे धुरासारखं दिसत नाही. आपला चिऱ्याचा दगड सच्छिद्र, वर पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. मुरायला वेळ लागत नाही.

पाण्यात अशी द्रव्यं शोधायची तपासणी जगातच तशी नवी. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातला रसायनतज्ज्ञ योहानेस रूक आधी बिअरच्या धंद्यात होता. बाटलीतल्या द्रवावरची हवा तपासायची बिअरवाल्यांची युक्ती त्याने पाण्याला लावली आणि क्लोरीन घातलेल्या पाण्यात क्लोरोफॉर्म तयार होतं, हे 1974 मध्ये मांडलं. त्याच सुमारास अमेरिकेत पाण्यातून वायूचे बुडबुडे सोडून उडणारी द्रव्यं पकडायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगवेगळी करणाऱ्या यंत्रावर, मोजायची पद्धत बसली. मग सापडायला लागलं. मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्नच्या दोन सार्वजनिक विहिरी 1979 मध्ये बंद झाल्या. एकीत ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे यंत्रांवरचं ग्रीस धुवायचं द्रव, लिटरला 267 मायक्रोग्रॅम निघालं. अमेरिकेने पुढे मर्यादा ठरवली ती 5 मायक्रोग्रॅमची. हिशेब मांडून बघा: या द्रवाचा एक थेंब साधारण चौदा हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतो, म्हणजे दहा हजारांचा टँकर भरून वर थोडं. नाकाला वास लागेपर्यंत मर्यादा कितीतरी पटींनी मागे पडलेली असते. शिवाय हे पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड. तेलासारखा तवंग धरत नाही, खाली जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहतं.

आता आपल्याकडची यादी. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500, सध्याची आवृत्ती 2012 ची. तिच्यात क्लोरोफॉर्म आहे, लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या मर्यादेने, पण ते क्लोरीनमुळे घरचंच झालेलं म्हणून. फिनॉल आहे, कीटकनाशकं आहेत. ट्रायक्लोरोएथिलीन, बेंझीन, टोल्युइन या सॉल्व्हंटांची नावं मात्र नाहीत. म्हणजे प्रयोगशाळेने मानकातल्या सगळ्या चाचण्या मन लावून केल्या तरी सॉल्व्हंटबद्दल ती गप्पच राहील, आणि त्यात तिची चूक नाही. जलजीवन मिशनने गावोगावी दिलेल्या पाणी तपासायच्या पेटीचंही तेच. सामू, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, लोह यांसाठी ती चांगली आहे, पंचायतीत बायका ती सराईतपणे वापरतात. तिच्या रंगपट्टीवर सॉल्व्हंटला रंगच नाही. ‘हर घर जल’ साधणारं पहिलं राज्य म्हणून 2020 मध्ये आपलं नाव झालं खरं, पण नळ पोचला म्हणजे विहीर सुटली असं होत नाही. विहिरीचं पाणी अजून माडांना, भांड्यांना आणि कित्येक घरांत प्यायलाही लागतं.

चाचणी मागायचीच तर ‘व्हीओसी’ (उडून जाणारी सेंद्रिय द्रव्यं) असं अर्जात वेगळं लिहावं लागतं. नमुन्याची रीतही वेगळी. कळशी विहिरीत आपटून भरलेलं पाणी मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत ओतून चालत नाही, कारण त्या खळखळाटातच जे मोजायचं ते बरंचसं उडून जातं. 40 मिलिलिटरची काचेची कुपी, टेफ्लॉन लावलेलं झाकण, पाणी काठोकाठ, अलगद. झाकण लावून कुपी उलटी धरायची, बोटाने टिचकी मारायची. बुडबुडा वर सरकला तर तो नमुना फेकून दुसरा घ्यायचा. मग बर्फाच्या डब्यात, आणि आम्ल घातलेलं असलं तरी चौदा दिवसांच्या आत यंत्रावर. नमुना एकदा मे अखेरीस, विहीर तळाला गेलेली असताना, आणि एकदा ऑगस्टमध्ये ती भरल्यावर घ्यावा. दोन आकड्यांत फरक पडला तर त्यावरूनच बरंच कळतं.