जनरलाइज्ड अपस्मारातील मेंदूचे चित्रण

जनरलाइज्ड अपस्मारात फिट सुरुवातीपासूनच मेंदूच्या दोन्ही अर्ध्या भागांत एकदम उठते. त्याच्या आनुवंशिक प्रकारांत (लहानपणचा, काही सेकंद भान हरपणारा अ‍ॅब्सेन्स, किशोरवयातला, हात अचानक उडणारा मायोक्लोनिक) एमआरआय नॉर्मल येणेच अपेक्षित असते. 'एमआरआय नॉर्मल आहे, मग गोळ्या कशाला?' हा नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न. पण नॉर्मल चित्राने आजार खोटा ठरत नाही. निदान होते ते फिटच्या वर्णनावरून (मोबाइलवर व्हिडिओ असेल तर उत्तम) आणि ईईजीवरून (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख); अ‍ॅब्सेन्समध्ये सेकंदाला साधारण ३ स्पाइक-वेव्ह (टोकदार व संथ लहरींच्या जोड्या) दिसतात. लक्षणे आणि ईईजी असे ठसठशीत असतील आणि गोळ्यांनी फिट थांबत असतील, तर एमआरआय टाळताही येतो.

एमआरआयचा खरा उपयोग आहे तो फिटचे मूळ एकाच जागी तर नाही ना, हे शोधण्यात. घरच्यांनी सगळे अंग आखडलेले पाहिलेले असते. त्याआधी काही सेकंद एकच हात उडत होता, हे सुटते. मराठवाड्यात अशा वेळी न्यूरोसिस्टिसर्कोसिसचा (मेंदूत फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी) विचार आधी करावा. फीतकृमीची अंडी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी माणूसही सुटत नाही. कॅल्शियम साठलेली जुनी गाठ सीटीत चटकन दिसते, साध्या एमआरआयत हुकू शकते. म्हणून एसडब्ल्यूआय सिक्वेन्स (कॅल्शियम टिपणारा एमआरआयचा प्रकार) मागावा. बारीक कॉर्टिकल डिस्प्लेझियाचे (मेंदूच्या वरच्या थराच्या घडणीतला दोष) मात्र उलटे: तो सीटीत सहसा दिसत नाही.

चिठ्ठीवर नुसते 'एमआरआय ब्रेन' लिहिले की बहुधा ५ मिमी जाडीचे काप निघतात आणि बारीक दोष त्यांत हरवतो. अपस्मार प्रोटोकॉल लिहावा: १ मिमीचे थ्रीडी टी१ व फ्लेअर, शिवाय हिप्पोकॅम्पसला (मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग) काटकोनात कोरोनल (उभ्या आडव्या कापाचे) टी२; टी१, टी२, फ्लेअर हे एमआरआयचे प्रकार. फिटचा प्रकार आणि ईईजीचा निष्कर्षही लिहावा. घाटीत (छत्रपती संभाजीनगरचे सरकारी रुग्णालय) किंवा अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात दाखवायला जाताना फिल्मबरोबर सीडी न्यावी. फिल्मवर मोजकेच काप छापलेले असतात.

तपासणीला अर्धा-पाऊण तास लागतो. जोडवी, मंगळसूत्र काढावे. पेसमेकर असल्यास आधीच सांगावे. गोळी चुकवू नये. जागरण करून काढायचा ईईजी त्याच दिवशी ठेवू नये: मायोक्लोनिक रुग्णाचे हात झोपमोडीनंतर सकाळीच उडतात, चित्र हलते. लांबलेल्या फिटनंतर लगेच काढलेल्या चित्रात तात्पुरती सूज दिसू शकते. काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे.

योगायोगाने दिसलेल्या अ‍ॅरॅक्नॉइड सिस्टला (मेंदूच्या आवरणातली पाण्याची गाठ) फिटचे कारण ठरवणे ही महागात पडणारी चूक आहे. एका जागचा अपस्मार समजून कार्बामाझेपिन हे औषध सुरू होते आणि अ‍ॅब्सेन्स किंवा मायोक्लोनिक झटके उलट वाढतात.