थांब्यापासून दहा मिनिटं

नाशकातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभं राहिलं की पाथर्डी फाट्याच्या बाजूचा बसथांबा स्वच्छ दिसतो. तिथे किती माणसं उभी आहेत तेही मोजता येतं. नकाशावर पट्टी लावली तर अंतर २६० मीटर भरतं. पायी जायचं म्हटलं की ९४० मीटर. आमचं मुख्य गेट थांब्याच्या बरोबर उलट दिशेला आहे. मागे आठ फुटी कंपाउंड वॉल, तिच्या पलीकडे नाला, नाल्यापलीकडे रो-हाउसच्या लेआउटची आणखी एक भिंत. या सगळ्याला वळसा घालायचा. मला बारा मिनिटं लागतात. आईला वीस, आणि त्यातली शेवटची पाच ती रस्त्याच्या कडेच्या मुरुमावरून, गाड्यांपासून अंग चोरत चालते. म्हणून आईने बसने जाणं सोडून दिलंय. बस वेळेवर येते का, तिकीट किती, बसायला जागा मिळते का, हे प्रश्न तिच्यापर्यंत पोचतच नाहीत.

नाशकात सार्वजनिक वाहतुकीचा विषय निघाला की तो गाडीपाशी सुरू होतो आणि गाडीपाशीच संपतो. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मेट्रो निओची घोषणा झाली, तेव्हा रबरी टायरची आणि वरच्या तारेतून वीज घेणारी ती गाडी कशी असेल याचं सगळ्यांना कुतूहल होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये महापालिकेची सिटीलिंक बससेवा सुरू झाली, तेव्हाही बोलणं बसगाड्यांचं. घरातून निघालेला माणूस त्या गाडीपर्यंत पोचतो कसा, आणि उतरल्यावर पुढे काय करतो, हा भाग आपण त्या माणसावरच सोपवून मोकळे होतो. नगररचनेचं शास्त्र मात्र नेमकं तिथून सुरू होतं.

१९९०च्या दशकात अमेरिकेतले नगररचनाकार पीटर कॅलथॉर्प यांनी या विचाराला नाव दिलं: ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट, थोडक्यात टीओडी. थांबा किंवा स्टेशन मध्यभागी धरायचं, त्याभोवती पायी पाच-दहा मिनिटांच्या टापूत घरं, दुकानं, शाळा, दवाखाने, कचेऱ्या दाटीने बसवायच्या, आणि त्या टापूत चालणाऱ्याला पहिला मान द्यायचा. आपल्याकडे केंद्र सरकारचं याविषयीचं राष्ट्रीय धोरण २०१७मध्ये आलं. नाव परदेशी असलं तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. एसटी जिथे थांबते तो फाटा. आधी एक झाड आणि त्याखाली चार माणसं. मग चहाची टपरी, सायकल दुरुस्ती, किराणा, एखादा दवाखाना, आणि दहा-पंधरा वर्षांत गावापेक्षा फाटाच मोठा. कोणीही आराखडा न काढता थांब्याभोवती वस्ती कशी धरते, ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही फाट्यावर उभं राहून पाहता येतं.

या सगळ्याच्या मुळाशी माणसाचा वेळ आहे. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं: काळ कुठलाही असो, माणूस जाण्यायेण्यात दिवसाला सरासरी तासभर घालवतो. अर्धा तास जायला, अर्धा यायला. ताशी पाच किलोमीटरने चालणाऱ्याला अर्ध्या तासात अडीच किलोमीटर जाता येतं. आता जुनं नाशिक डोळ्यांसमोर आणा. पंचवटी, रामकुंड, सराफ बाजार, रविवार कारंजा, भद्रकाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं या अडीच किलोमीटरांत बसतं. पायी चालणाऱ्यांनी आपल्या मापाने बेतलेलं शहर होतं ते.

मग एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि स्टेशन झालं गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर. हे अंतर कापायला १८८९च्या सुमारास मेनरोडपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत ट्राम सुरू झाली. दोन डबे, ओढायला चार घोडे. तिचे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे उभारली. कॅलथ्रॉप आणि कॅलथॉर्प, दोन नावांतला हा योगायोग मला फार आवडतो. ती ट्राम १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. तिच्या दोन्ही टोकांना माणसं होती, मधल्या पट्ट्यात वस्ती विरळ. अशा मार्गाला गाडी कितीही चांगली दिली तरी मधल्या रस्त्यात चढायला-उतरायला कोणी नसतं.

असाच पेच जपानमध्ये इचिझो कोबायाशी यांच्यापुढे होता. १९१०मध्ये त्यांनी ओसाकाहून निघणारी एक विजेची रेल्वे सुरू केली. मार्ग बराचसा शेतांमधून जाणारा, टोकाला गरम पाण्याचे झरे. त्यांनी मार्गालगतची जमीन आधीच घेऊन ठेवली होती. तिच्यावर घरं बांधून ती मध्यमवर्गीयांना हप्त्यांवर विकली. शेवटच्या स्टेशनाजवळ १९१४मध्ये रंगमंचावरचे खेळ सुरू केले आणि १९२९मध्ये शहराकडच्या स्टेशनातच डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. सकाळी गाडी शहराकडे भरून जाई, दुपारी खरेदीला निघालेल्यांना घेऊन, सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब उलट दिशेने. याउलट, नोकरदारांपुरत्याच मार्गावर बस सकाळी भरून जाते आणि रिकामी परत येते, म्हणजे डिझेल दोन फेऱ्यांचं आणि तिकीट एका फेरीचं. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीकडे जाणारी बस परतताना कोणाला घेऊन येते, हे ती एमआयडीसीच्या आजूबाजूला शाळा, बाजार आणि घरं किती आहेत त्यावर ठरतं.

आता थोडी भूमिती. थांब्याभोवती ४०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्यात सुमारे ५० हेक्टर जमीन येते. त्रिज्या दुप्पट करून ८०० मीटर केली की २०० हेक्टर. आपली चाल मिनिटाला साधारण ८० मीटर, म्हणजे पाच मिनिटांऐवजी दहा मिनिटं चालायची तयारी असलेला माणूस चौपट मोठ्या टापूतून येऊ शकतो. पण वर्तुळ कागदावरचं असतं. माणूस रस्त्याने चालतो. रस्ते सरळ, काटकोनात आणि जवळजवळ असले, तरी ४०० मीटर चालून गाठता येणारा टापू वर्तुळाऐवजी चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारखा होतो आणि त्यात ३२ हेक्टर येतात. एक तृतीयांशाहून जास्त जमीन इथेच हातची गेली. त्यात भिंती, नाले, एकच गेट असलेले लेआउट, पुढे बंद होणाऱ्या गल्ल्या आल्या की उरलेलाही झपाट्याने घटतो. समजा, दर हेक्टरी १५० माणसं राहतात. ३२ हेक्टरांत ४,८०० माणसं झाली. भिंतींनी टापू १० हेक्टरांवर आणला तर १,५००. बस तीच, चालक-वाहक तेच, थांबा तोच. गिऱ्हाईक एक तृतीयांशाहून कमी. मग तोट्याचं कारण म्हणून फेऱ्या कमी होतात, आणि फेऱ्या कमी झाल्या की जे होते तेही टू-व्हीलर घेतात.

फेऱ्यांचं गणित याहून चकवणारं आहे. तासाला दोन बस, म्हणजे अर्ध्या तासाला एक, म्हणजे सरासरी पंधरा मिनिटं थांबायचं, असं आपण धरतो. प्रत्यक्षात थांब्यावरचा माणूस शपथेवर सांगेल की याहून जास्त वेळ जातो. त्याचं बरोबर आहे. समजा, एक बस आल्यावर दहा मिनिटांत दुसरी आली आणि मग पन्नास मिनिटं काहीच नाही. तासाला दोनच बस. पण तुम्ही केव्हाही थांब्यावर गेलात तर त्या पन्नास मिनिटांच्या पोकळीत सापडण्याची शक्यता सहात पाच. तिथे सरासरी २५ मिनिटं थांबावं लागतं. हिशेब केला की एकूण सरासरी निघते २२ मिनिटांच्या आसपास. वेळापत्रकातली फेरी एकही कमी झाली नाही आणि प्रवाशाची सात मिनिटं गेली. शिवाय थांब्यावरचं मिनिट मनाला चालत्या बसमधल्या मिनिटाच्या दीड-दोन पट लांब वाटतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. डोक्यावर सावली नसेल तर आणखी.

दोन बस एकामागोमाग का येतात, यालाही कारण आहे. पहिली बस द्वारका चौकातल्या कोंडीत अडकून पाच मिनिटं मागे पडली, की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात. त्यांना चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागच्या बसला मात्र रिकामे थांबे मिळतात, ती पुढे सरकत पहिलीला गाठते. यात चालकाचा दोष नसतो. एकदा बिघडलेलं अंतर आपोआप आणखी बिघडत जातं, असाच त्याचा स्वभाव आहे. उपाय म्हणजे मूळ खोळंबा टाळणं, आणि त्यासाठी बसला स्वतःची जागा लागते. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४मध्ये बससाठी वेगळा मार्ग दिला. तेव्हाची कुरितिबा फार मोठी नव्हती, १९७०मध्ये लोकसंख्या सहा लाखांच्या घरात. २०११च्या जनगणनेतलं नाशिक त्याच्या अडीचपट आहे. तिथले महापौर जैमी लर्नर स्वतः वास्तुरचनाकार होते. त्यांच्या काळात ठरलं की उंच इमारती फक्त या बसमार्गांच्या दुतर्फा होतील, बाकी ठिकाणी ठेंगण्या. बस आणि बांधकामाची परवानगी एकाच कागदावर आली. मला यात बसच्या वेगळ्या मार्गापेक्षाही तो एक कागद जास्त महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे हे दोन कागद वेगळ्या टेबलांवर असतात. डिसेंबर २०२०मध्ये आलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत प्लॉटवर किती एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम, वापरता येईल हे मुख्यतः समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. रस्ता रुंद, इमारत उंच. त्या रस्त्यावरून बस दर दहा मिनिटांनी जाते की दिवसातून चारदा, याचा त्या हिशेबात सहसा संबंध येत नाही. त्यात पार्किंग. एक मोटार उभी करायला अडीच बाय पाच मीटर, साडेबारा चौरस मीटर जागा लागते. रॅम्प आणि वळायची जागा धरली की ती पंचवीस-तीसपर्यंत जाते. म्हणजे वन रूम किचनएवढी. ज्याच्याकडे मोटार नाही तोही फ्लॅटच्या किमतीतून ती जागा विकत घेतो. थांब्याला लागून वीस मजले उभे राहिले, खालचे तीन मजले पार्किंगचे आणि फूटपाथवर रॅम्प उतरलेला, तर ती इमारत थांब्याच्या नुसती शेजारी आहे. तिचं तोंड थांब्याकडे नाही.

तोंड थांब्याकडे असलेली वस्ती पाहायची तर नाशकातल्या सिडको भागात जावं. पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक. सिडको या सरकारी महामंडळाने मुख्यतः कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बांधलेली ती छोटी घरं. आज त्यांच्यावर मजले चढले आहेत, खाली पिठाची गिरणी, शिंप्याचं दुकान, क्लास, मेडिकल. प्लॉट लहान, गल्ल्या जवळजवळ आणि बहुतेक आरपार. संध्याकाळी सात वाजता तिथे बसमधून उतरलेली बाई भाजी घेते, मुलाला क्लासमधून घेते आणि दहा मिनिटांत घरी असते. हे पाहायला मी एकदा मुद्दाम आतल्या वेगवेगळ्या गल्ल्यांतून चाललो. एकदाही मागे फिरावं लागलं नाही. तिथली दाटी, गल्लीगल्लीतलं पार्किंग, उघड्या मोकळ्या जागांची वानवा हे खरं आहे आणि त्रासाचंही आहे. पण बसला लागणारी गर्दी आणि गर्दीला लागणारी बस यांची गाठ तिथे आधीच पडलेली आहे.

एक धोका मला सतावतो. चांगली सेवा आली की थांब्याजवळची जमीन महागते. महागली की बसवर अवलंबून असलेली माणसं, कंपनीतले कंत्राटी कामगार, घरकाम करणाऱ्या बायका, लांब फेकली जातात आणि त्यांच्या जागी दोन मोटारी असलेलं कुटुंब राहायला येतं. बस रिकामीच राहते. म्हणून थांब्याभोवतीच्या टापूत लहान आणि परवडणारी घरं नियमानेच राखली पाहिजेत, आणि तीही भाव वाढण्याआधी. नंतर ती जमीन कोणालाच झेपत नाही.

हे नाशिकला जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी सिंहस्थाची आठवण करून देतो. २०१५च्या पर्वण्यांना गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबल्या, तिथून एसटीने आत, आणि पुढे पायी. २०२७लाही त्याच धर्तीवर तयारी करावी लागणार. तेवढ्या दिवसांपुरतं हे शहर चालणाऱ्यांच्या मापाने आखलं जातं, बॅरिकेड लावून, खांबावर खुणा करून, सावलीची आणि पाण्याची सोय बघून.

आमच्या सोसायटीच्या सभेत मी मागच्या भिंतीत छोटं गेट काढायचा विषय मांडला. पहिल्या सभेत तो सुरक्षेच्या नावाखाली बाजूला पडला. दुसऱ्या वेळी मी आईला बरोबर नेलं. तिने फक्त एवढंच विचारलं की पुढच्या गेटातून चोर येत नाहीत का. तिसऱ्या सभेत ठराव झाला: गेट सकाळी सहा ते रात्री दहा उघडं, किल्ली वॉचमनकडे. पलीकडच्या रो-हाउसवाल्यांनीही त्यांच्या भिंतीतून तीन फुटांची वाट द्यायचं कबूल केलं. गेट बसलं, त्याला हिरवा रंगही झाला. आता अंतर ३१० मीटर. नाल्यावर फरशी टाकायची तेवढी बाकी आहे. तोवर दोन सिमेंटचे खांब आडवे टाकलेत, त्यावरून मी जातो. आई अजून नाही.